विश्लेषण : पोटदुखीत डॉक्टर आधी इतके प्रश्न का विचारतात? शेलूहून कर्जतला निघण्याआधी काय माहीत हवे?

पावसाळ्यातली पहाट. शेलूजवळच्या एखाद्या वाडीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस पोटात कळ येऊन जागा होतो, असे समजा. एक-दोन उलट्या होतात. अंगात ताप नाही, पोट दाबले तर मऊ लागते. घरचे म्हणतात, ‘रात्रीचे जेवण बाधले असेल.’ ओवा-मीठ दिले जाते, पोटाला तेल चोळले जाते आणि उजाडायची वाट पाहिली जाते. अशा वेळी डॉक्टरांनी ‘काय खाल्ले होते?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘रात्री कुठे झोपला होतात, खाटेवर की जमिनीवर?’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. कारण ही पोटदुखी मण्यारीच्या दंशाचे पहिले लक्षण असू शकते आणि दंश झाल्याचे रुग्णालाच माहीत नसते.

अचानक उद्भवलेल्या तीव्र पोटदुखीचे निदान सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या काळातही आधी रुग्णाच्या सांगण्यातून आणि डॉक्टरांच्या हातातून सुरू होते. हे निदान कसे होते, त्यातील कोणते प्रश्न निर्णायक ठरतात आणि रुग्णालय दूर असलेल्यांनी काय लक्षात ठेवावे, याचा आढावा.

‘तीव्र पोटदुखी’ कशाला म्हणतात?

अचानक किंवा काही तासांत वाढलेली, रोजच्या गॅस-अपचनापेक्षा वेगळी आणि माणसाला कामधंदा सोडायला लावणारी पोटदुखी म्हणजे तीव्र पोटदुखी. ब्रिटिश शल्यचिकित्सक झॅकरी कोप यांनी १९२१ मध्ये या एकाच विषयावर पुस्तक लिहिले. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही शल्यचिकित्सेचे विद्यार्थी वाचतात. आधी ठणठणीत असलेल्या माणसाच्या पोटात तीव्र दुखू लागले आणि ते सहा तासांहून अधिक टिकले, तर त्यामागे बहुधा शस्त्रक्रियेची गरज असलेला आजार असतो, हा त्यातील प्रसिद्ध ठोकताळा.

पोटदुखीची कारणे शेकड्यांनी आहेत. पहिल्या तपासणीत डॉक्टरांना आजाराचे अचूक नाव सापडलेच पाहिजे असे नाही. त्यांना आधी तीन गटांत निवड करायची असते: रुग्णाला आत्ताच शस्त्रक्रियेची गरज आहे, काही तास दाखल करून पाहायला हवे, की औषध देऊन घरी पाठवता येईल? बाकी सगळे प्रश्न या निवडीसाठी असतात.

शेलूसाठी हा विषय वेगळा का?

शेलू हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील स्थानक. एका बाजूला वांगणी आणि बदलापूर, दुसऱ्या बाजूला नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत. गाव रायगड जिल्ह्यात, जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला. पण रेल्वेमुळे रोजचा ओढा ठाणे जिल्ह्यातील बदलापूर, उल्हासनगर, कल्याणकडे. तालुक्याचे उपजिल्हा रुग्णालय कर्जतला. त्यामुळे रात्री पोटात दुखू लागले की इथल्या कुटुंबापुढचा पहिला प्रश्न वैद्यकीय नसतोच. कर्जतकडे जायचे की कल्याणकडे, हा तो प्रश्न असतो. मध्यरात्रीनंतर लोकल मोजक्याच असतात. आसपासच्या आदिवासी वाड्यांतून तर आधी रस्त्यापर्यंत यावे लागते.

मुंबईत पोटदुखीचा रुग्ण तासाभरात स्कॅनच्या टेबलावर असू शकतो. शेलूत तो आधी स्थानिक डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. तिथे उपलब्ध असते ती थर्मामीटर, रक्तदाबाचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि रुग्णाने सांगितलेली हकिगत. पुढे पाठवायचे की थांबवायचे, हा निर्णय त्यावरच होतो. म्हणून ती हकिगत नीट सांगता येणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

दुखणे बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे का सरकते?

अपेंडिक्सच्या दुखण्याचे हे नेहमीचे चित्र. आतडी, अपेंडिक्स यांसारख्या अवयवांना वेदनेची नेमकी जागा सांगणाऱ्या नसा नसतात. आतडे ताणले गेले की मेंदूला फक्त ‘पोटाच्या मध्यभागी काहीतरी दुखते आहे’ एवढाच संदेश जातो. त्यामुळे सुरुवातीला रुग्ण बेंबीभोवती हात फिरवतो. पुढे अपेंडिक्सची सूज वाढून पोटाच्या आतील अस्तराला भिडते. या अस्तराच्या नसा त्वचेसारख्या असतात, त्या नेमकी जागा सांगतात. मग रुग्ण हात फिरवणे सोडून एका बोटाने उजव्या ओटीपोटात जागा दाखवतो.

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ही जागा नोंदवली. बेंबी आणि उजव्या कमरेचे पुढे आलेले हाड यांना जोडणारी रेघ ओढली, तर हाडापासून साधारण एकतृतीयांश अंतरावर ती येते. म्हणूनच ‘आत्ता कुठे दुखते?’ यासोबत ‘सुरुवातीला कुठे दुखत होते?’ हेही विचारले जाते. दुसरा प्रश्न राहून गेला, तर निदानातील मोठा दुवा निसटतो.

वेदना अवयवापासून दूरही जाणवते. स्वादुपिंडाला सूज आली तर दुखणे पाठीत जाते आणि पुढे वाकून बसल्यावर थोडे बरे वाटते. मूतखड्याची कळ कुशीतून जांघेकडे उतरते. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्याच्या पात्यापाशी जाणवते. पोटात रक्तस्राव होऊन रक्त छाती-पोटामधील पडद्याला लागले, तर खांद्याच्या टोकाला दुखते. खांदा दुखतो हे पोटाच्या डॉक्टरांना सांगायचे कशाला, असे वाटून अनेक जण ते बोलतच नाहीत.

रुग्णाच्या शब्दांत निदान कसे दडलेले असते?

मराठीत पोटदुखीला भरपूर शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘कळ येते’ म्हणजे दुखणे लाटेसारखे चढते आणि उतरते. आतडे, मूत्रनलिका यांसारखी नळी अडथळ्यावर जोर लावते तेव्हा असे होते. ‘मुरडा’ बहुधा जुलाबासोबतचा. ‘जळजळ’, ‘आग’ हे शब्द आम्लपित्त किंवा अल्सरकडे बोट दाखवतात. ‘ठणका’ सूज किंवा पू झाल्यावरचा, सतत राहणारा. ‘पोट गच्च झाले’ म्हणणाऱ्याला गॅस आणि शौचाबद्दल लगेच विचारावे लागते. ‘सुरी खुपसल्यासारखे झाले’ असे सांगणाऱ्याचा अल्सर फुटलेला असू शकतो. डॉक्टरांसमोर हे सगळे सोडून ‘पेन होतंय’ एवढेच सांगितले, तर हाती आलेली माहिती वाया जाते.

शब्दांइतकाच क्रमही महत्त्वाचा असतो. डॉक्टर साधारणपणे पुढील गोष्टी विचारतात:

- सुरुवात : दुखणे हळूहळू वाढले की एका क्षणात सुरू झाले? अल्सर फुटलेल्या रुग्णाला बहुधा वेळ आणि त्या वेळी तो काय करत होता हेही आठवते.
- आधी काय, दुखणे की उलटी? अपेंडिक्समध्ये सहसा आधी दुखते, मग उलटी होते. बाधलेल्या अन्नामुळे होणाऱ्या त्रासात अनेकदा उलटी-जुलाब आधी सुरू होतात.
- उलटीचा रंग : हिरवी, शेणासारख्या वासाची किंवा रक्ताची उलटी गंभीर समजली जाते.
- शौच आणि वायू : दोन्ही बंद, पोट फुगलेले आणि कळा येत असतील, तर आतड्यात अडथळा असू शकतो.
- लघवी : जळजळ, रक्त किंवा लघवी अडणे.
- भूक : अपेंडिक्सच्या रुग्णाला बहुधा अन्न नकोसे होते.
- जुनी शस्त्रक्रिया : आधीच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी आतून चिकटून अडथळा होऊ शकतो. वीस वर्षांपूर्वीची शस्त्रक्रियाही सांगायला हवी.
- औषधे आणि दारू : गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या रिकाम्या पोटी वारंवार घेतल्याने अल्सर होऊ शकतो. स्वादुपिंडाच्या सुजेमागे दारू हे एक प्रमुख कारण असते.

महिलांना पाळीबद्दल का विचारतात?

‘पोटात दुखतंय’ हे मराठीत मासिक पाळीसाठीही म्हटले जाते. त्यामुळे घरातल्यांना त्यात काही नवीन वाटत नाही आणि कधी कधी डॉक्टरही पुढे विचारत नाहीत. मात्र मूल होण्याच्या वयातील स्त्रीला पोटदुखी झाली तर शेवटची पाळी कधी आली, हे विचारल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजला असेल, तर नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो. चेहरा पांढरा पडणे, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणे ही त्याची लक्षणे. पाळी चुकलेली असेलच असे नाही, थोडे अनियमित रक्त गेले म्हणून ‘पाळी आली’ असे वाटू शकते. अंडाशयाला पीळ पडला तरी अचानक, एका बाजूला तीव्र दुखते.

अविवाहित मुलगी आई-वडिलांसोबत आली असेल तर ती खरे उत्तर देईलच असे नाही. त्यामुळे हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर थांबवून विचारायचा असतो. लघवीची गर्भचाचणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. ती करण्यात संशय किंवा अपमान मानण्याचे कारण नाही.

लाजेपोटी निसटणारा असाच आजार मुलग्यांमध्येही आहे. अंडकोषाला पीळ पडला तर दुखणे ओटीपोटात जाणवते आणि शाळकरी मुलगा ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो. सुमारे सहा तासांच्या आत पीळ सुटला तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घटते. म्हणून मुलाचे पोट तपासताना कपडे उतरवून खालचा भागही पाहायचा असतो. वयस्कर स्त्रियांच्या जांघेत अडकलेला छोटा हर्नियाही लुगडे सैल न करता तपासले तर दिसत नाही.

पोट तपासताना डॉक्टर काय शोधतात?

तपासणी हात लावण्याआधीच सुरू होते. रुग्ण खाटेवर कसा आहे? मूतखड्याचा रुग्ण तळमळतो, एका जागी थांबत नाही. पोटाच्या अस्तराला सूज आलेला रुग्ण मात्र हलतच नाही. पाय पोटाशी घेऊन, श्वासही वरवर घेत पडून राहतो, कारण हालचाल झाली की अस्तर दुखते. त्यामुळे आरडाओरडा करणारा रुग्ण जास्त गंभीर आणि गप्प पडलेला कमी, हा समज धोक्याचा आहे.

त्यानंतर पोट पाहिले जाते: फुगले आहे का, जुना व्रण आहे का, श्वासाबरोबर हलते का. मग स्टेथोस्कोपने आतड्यांचा आवाज, बोटांनी ठोकून आत हवा की पाणी याचा अंदाज आणि शेवटी दाबून तपासणी. हात दुखऱ्या जागेपासून लांब ठेवून सुरुवात होते. दाबताना डॉक्टरांचे लक्ष पोटापेक्षा रुग्णाच्या चेहऱ्याकडे असते.

हाताला पोटाचे स्नायू फळीसारखे कडक लागले आणि रुग्णाने ठरवूनही ते सैल होत नसतील, तर आत अल्सर किंवा आतडे फुटल्याची शंका येते. डावीकडे दाबल्यावर उजवीकडे दुखले तर अपेंडिक्सचा संशय वाढतो. उजव्या बरगडीखाली हात ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितल्यावर रुग्णाचा श्वास मध्येच अडला, तर पित्ताशयाला सूज असू शकते. लहान मुलांना खोकायला किंवा उडी मारायला सांगतात. खुशाल उडी मारणाऱ्या मुलाच्या पोटाच्या अस्तराला सूज असण्याची शक्यता कमी.

रस्त्यावरचा गतिरोधक निदान करू शकतो?

ऐकायला गंमत वाटते, पण यावर अभ्यास झाला आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातील डॉक्टरांनी अपेंडिक्सचा संशय असलेल्या रुग्णांना विचारले, ‘इकडे येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा जास्त दुखले का?’ हा अभ्यास २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. गतिरोधकावरून प्रवास केलेल्या ६४ जणांपैकी ३४ जणांना खरोखर अपेंडिक्सचा आजार निघाला आणि त्यातील ३३ जणांनी ‘हो’ असे उत्तर दिले होते. मात्र आजार नसलेल्यांपैकीही अनेकांना धक्का लागल्यावर दुखले. म्हणजे ‘हो’ उत्तरावरून आजार सिद्ध होत नाही, पण ‘नाही’ उत्तर आले तर शक्यता बरीच कमी होते.

खड्ड्यांतून रिक्षाने येणाऱ्यांसाठी ही चाचणी आपोआपच होते. प्रत्येक धक्क्याला रुग्ण पोट धरून कण्हत होता की निवांत होता, हे सोबतच्या माणसाने लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे.

दुखणे पोटात, पण आजार भलतीकडेच, असे होते का?

होते, आणि हेच सर्वाधिक घातक ठरते. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका अनेकदा ‘गॅस’ म्हणून येतो: पोटाच्या वरच्या भागात दाटून येणे, मळमळ, घाम. मधुमेही आणि वयस्कर व्यक्तींत छातीत दुखतेच असे नाही. त्यामुळे चाळिशीपुढच्या रुग्णाचे वरचे पोट दुखत असेल तर ईसीजी काढणे शहाणपणाचे असते. लहान मुलाला न्यूमोनिया झाला तरी ते पोटाकडे बोट दाखवते. मधुमेह हाताबाहेर गेला तरी पोटात दुखते आणि उलट्या होतात.

कर्जत-खालापूर पट्ट्यासाठी यात मण्यारीची भर घालावी लागते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. तिचे दात बारीक असल्याने दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूण बहुधा दिसतही नाही. काही वेळाने पोटात कळ आणि उलटी सुरू होते. त्यानंतर पापण्या जड होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, गिळता न येणे, बोलणे अडखळणे आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडणे असा क्रम असतो.

रायगडच्याच दुसऱ्या टोकाला, महाड परिसरात १९७६ पासून काम केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशावरील प्राझोसिन औषधाच्या वापरासाठी जगभर ओळखले जातात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मण्यारदंशावरही लिहिले असून पोटातील कळ आणि उलटी ही विषबाधेची पूर्वसूचना म्हणून नोंदवली आहे. भारतात मिळणारी सर्पदंशावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर काम करते. परंतु स्नायू एकदा लुळे पडले की केवळ लशीवर भागत नाही, कृत्रिम श्वासाची गरज लागू शकते. त्यामुळे पापण्या जड होण्याच्या आत दवाखाना गाठणे निर्णायक ठरते. अशा रुग्णाच्या सोनोग्राफीत काहीच दिसत नाही. निदान ‘रात्री कुठे झोपला होतात?’ या एका प्रश्नावर अवलंबून असते.

संगणक हे काम डॉक्टरांपेक्षा चांगले करतो का?

एआयच्या चर्चेच्या कितीतरी आधी हा प्रयोग नेमका पोटदुखीवरच झाला होता. इंग्लंडमधील लीड्स येथे टिम डी डोंबल आणि सहकाऱ्यांनी तीव्र पोटदुखीच्या ३०४ रुग्णांची लक्षणे संगणकाला दिली. संगणक आधीच्या रुग्णांच्या नोंदींवरून प्रत्येक आजाराची शक्यता काढत असे. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकाचे निदान ९१.८ टक्के रुग्णांत बरोबर आले, तर सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे ७९.६ टक्के.

पण संगणकाला पोट दाबता येत नव्हते. त्याला मिळणारी सगळी माहिती डॉक्टरांनीच रुग्णाला विचारून आणि तपासून, ठरलेल्या छापील नमुन्यात भरलेली होती. पुढे आठ केंद्रांतील १६,७३७ रुग्णांवर हीच पद्धत वापरली गेली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेली आणि अपेंडिक्सच्या रुग्णांत ते फुटलेले आढळण्याचे प्रमाण २३.७ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर आले. या सुधारणेत संगणकाइतकाच वाटा एकही प्रश्न न वगळता विचारण्याच्या शिस्तीचा होता.

त्याच वर्षी अल्फ्रेडो अल्व्हाराडो यांनी अपेंडिक्ससाठी १० गुणांची पद्धत मांडली. त्यातील ७ गुण दुखणे सरकणे, भूक जाणे, मळमळ, ताप, दाबल्यावर आणि दाब सोडल्यावर दुखणे अशा विचारून-तपासून कळणाऱ्या गोष्टींना आहेत. उरलेले ३ रक्तातील पांढऱ्या पेशींच्या साध्या तपासणीला. स्कॅनला एकही गुण नाही.

मग सोनोग्राफी, सीटी स्कॅनची गरज काय?

गरज आहेच. हाताची तपासणी चुकू शकते, विशेषतः लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही आणि स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत. त्यांच्यात ताप किंवा पोटाचा कडकपणा गंभीर आजारातही जाणवत नाही. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडतो तेव्हा रुग्ण असह्य दुखण्याने तळमळतो आणि पोट मात्र मऊ लागते. पित्ताशयातील खडे, गर्भनलिकेतील गर्भ यांसाठी सोनोग्राफी उपयोगी. अपेंडिक्सबाबत सीटी स्कॅन अधिक नेमका, पण त्यात किरणोत्सर्ग असतो. उभे राहून काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये पडद्याखाली हवा दिसली तर अल्सर किंवा आतडे फुटल्याचे कळते.

मात्र काय शोधायचे हे ठरल्याशिवाय कोणती तपासणी करायची हे ठरत नाही. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राला नोंदणी सक्तीची आहे, ते प्रत्येक दवाखान्यात असू शकत नाही. शिवाय स्कॅन एका क्षणाचे चित्र दाखवतो. दोन-तीन तासांनी त्याच डॉक्टरांनी पुन्हा पोट तपासले, तर दुखणे वाढते आहे की ओसरते आहे हे कळते. ‘थोडा वेळ थांबा, पुन्हा पाहतो’ असे डॉक्टर म्हणाले तर ती टाळाटाळ नसून निदानाचीच पायरी असते.

जाण्याआधी वेदनाशामक गोळी घ्यावी का?

शल्यचिकित्सकाने पाहण्याआधी वेदनाशामक दिले तर लक्षणे झाकली जातात, असे पूर्वी शिकवले जाई. नंतरच्या अभ्यासांचा कॉक्रेनने घेतलेला आढावा मात्र सांगतो की, रुग्णालयात तीव्र वेदनाशामक दिल्याने निदान चुकण्याचे प्रमाण वाढत नाही. त्यामुळे रुग्णालयात पोहोचल्यावर रुग्णाला विव्हळत ठेवण्याचे कारण नाही.

घरी स्वतःहून गोळ्या घेण्याची गोष्ट वेगळी. त्यातील काही गोळ्या अल्सर चिघळवतात आणि थोडे बरे वाटले की निघणे लांबते. जुलाबाचे औषध, एरंडेल किंवा एनिमा घेऊ नये. आतड्यात अडथळा असेल तर त्याने धोका वाढतो. पोट जोरात चोळून घेणे, ‘बेंबी बसवणे’ टाळावे. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने तीव्र दुखत असताना जेवण देऊ नये. घेतलेल्या गोळीचे पाकीट मात्र सोबत न्यावे.

वाट न पाहता कधी निघावे?

पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे:

- एका क्षणात सुरू झालेली असह्य पोटदुखी
- पोट कडक होणे, हलल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारे दुखणे
- चक्कर, घाम, हातपाय गार पडणे
- पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद होणे
- हिरवी किंवा रक्ताची उलटी, काळी किंवा रक्ताची शौच
- गरोदर किंवा पाळी चुकलेल्या स्त्रीची पोटदुखी
- जांघेतील गाठ दुखरी होऊन आत न जाणे, मुलाचा अंडकोष दुखणे
- पोटदुखीसोबत पापण्या जड होणे, गिळता किंवा बोलता न येणे
- सहा तासांनंतरही न थांबणारे दुखणे

आणखी एक. तासन् तास असह्य असलेले दुखणे एकदम कमी झाले तर प्रत्येक वेळी ती सुधारणा नसते. अल्सर किंवा अपेंडिक्स फुटल्यावर काही काळ आराम वाटू शकतो आणि नंतर प्रकृती वेगाने ढासळते. अशा वेळी बोलावलेली गाडी परत पाठवू नये.

शेलूहून निघताना सोबत काय न्यावे?

फाइल, आधार कार्ड, रेशन कार्ड यांच्याबरोबर मोबाइलमध्ये पाच ओळी लिहून ठेवाव्यात. दुखणे किती वाजता आणि कुठे सुरू झाले, आता कुठे आहे. उलटी आधी झाली की नंतर. शेवटचे खाणे, शौच आणि पाळी कधी. कोणती औषधे चालू आहेत, कोणती शस्त्रक्रिया झाली आहे. रात्री कुठे झोपले होते. वांगणी की कर्जत, दिवस की रात्र, ड्युटीवर अनुभवी डॉक्टर की नवखे, हे कुटुंबाच्या हातात नसते. या पाच ओळी असतात. रुग्णाला एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवले तर प्रत्येक ठिकाणी नव्या डॉक्टरांना त्या पुन्हा दाखवाव्यात. वाटेत नातेवाईक बदलतात, घाबरलेला रुग्ण वेळा विसरतो आणि तिसऱ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ‘बेंबीजवळ सुरू झाले होते’ हे सांगणारे कुणी उरत नाही.